घंटीवाल्या मास्तरांचा फॉर्म

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी घंटीवाल्या मास्तरांना फसवलं. एकदा नाही, सात वर्षं. घंटीवाले मास्तर म्हणजे सदर भागातल्या त्या शाळेचे चपराशी. घंटी तेच वाजवत, आणि अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, पोरांना इंग्रजीचा उतारा सोडवायलाही तेच शिकवत. वर्गात त्यांना हेडमास्तरच पाठवत, पण कागदोपत्री ते शेवटपर्यंत शिपाईच राहिले, कारण मास्तर मॅट्रिक नव्हते. का नव्हते, तेच सांगायला बसलो आहे.

घरी त्यांचे हातमाग होते. माग बंद पडले तेव्हा ते शाळेत लागले. परीक्षेनंतर उरलेल्या प्रश्नपत्रिका रद्दीत जायच्या, त्या हे घरी न्यायचे आणि डिक्शनरी घेऊन बसायचे. वर्षानुवर्षांचे असे गठ्ठे सुतळीने बांधून खाटेखाली ठेवलेले. त्यांचं सगळं इंग्रजी या उताऱ्यांतलं, त्यामुळे त्यांना एकाही गोष्टीचा शेवट ठाऊक नव्हता. बर्फात वाट चुकलेला एक पोस्टमन त्यांच्या फार जिवाचा होता. "उतारा तिथंच खतम," ते म्हणत. "वाचला का मेला, बोर्डालेच माहीत."

मी त्यांच्याच मोहल्ल्यातला. त्या शाळेतून मॅट्रिकला बसलो, तेव्हा मास्तर अजून वर्गावर येत नव्हते, आणि इंग्रजीत पडलो. दुसऱ्यांदा बाहेरून बसलो, पुन्हा पडलो. तेवीस वर्षांचा होतो, फळबाजारात संत्र्याची दलाली करत होतो, आणि होणाऱ्या सासऱ्याने मॅट्रिकची अट घातली होती. एका रविवारी सकाळी, ज्यात पडलो तो पेपर घेऊन मी मास्तरांच्या अंगणात गेलो. उतारा नेमका संत्र्याच्या बागेचा होता. एक म्हातारा झाडांना रोज पाणी देतो, का देतो ते लिहा.

"तू काय लिहिलं?"

"लिहिलं का बुढ्याले अक्कल नाही. रोज पाणी देल्लं तर बहार येत नाही, पाणी तोडून झाडाले ताण द्या लागते."

मास्तर बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तुले संत्र्यातलं किती समजते हे कोणी विचारलं काय बे? त्याच्या मेलेल्या पोरानं लावले होते ते झाडं. तिसऱ्या ओळीत हाये. काहून नाही वाचली?"

"पण मास्तर, उताऱ्यात चूकच लिहून आहे."

"असू दे ना गा. बुढ्याशी भांडाले तुले बोर्डानं बोलावलं नाही."

त्यांची शिकवण्याची रीत एकच. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. उत्तर सापडलं असं वाटलं की त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवल्याशिवाय ते पेन उचलू देत नसत, माझं मनगट धरून ठेवत. "बोट ठेव. बोट नाही तर उत्तर नाही." मी चिडायचो, एकदा तर पेपर फाडून उठून गेलो. पुढच्या रविवारी त्यांनी तोच पेपर खळीने चिकटवून माझ्यासमोर ठेवला.

आज बाजारात समोरचा कितीही गोड बोलू दे, मी त्याला म्हणतो, यातलं सौद्याच्या चिठ्ठीत कुठे लिहिलंय ते दाखव. अर्धे लोक तिथूनच पाय काढतात. ही माझी हुशारी नाही, त्यांची आहे.

मास्तर दरवर्षी स्वतःही मॅट्रिकचा फॉर्म भरत. शाळेचे नोकर असल्यामुळे तो हेडमास्तरांच्या सहीनेच पुढे जाणार होता. हेडमास्तर म्हणत, "पाठवला." परीक्षा आली की म्हणत, "बोर्डाने बाद केला असेल, पुढच्या वर्षी बघू." मास्तरांना एकच हवं होतं. पास होऊन, शिकवायचे त्याच वर्गात खुर्चीवर बसायचं होतं. तिथे ते कधी खुर्चीवर बसले नाहीत, चपराशाने बसायचं नसतं म्हणून.

मी तिसऱ्यांदा बसलो ते त्याच शाळेत. पेपर सुरू झाल्याची घंटी मास्तरांनी वाजवली. दारातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हवेत बोट टेकवून दाखवलं. मी पास झालो, लग्न झालं. पेढे द्यायला गेलो तर ते पुढच्या वर्षीचा फॉर्म लिहीत बसले होते.

हेडमास्तर रिटायर झाले तेव्हा त्यांचं कपाट रिकामं करायचं काम मास्तरांकडेच आलं. खालच्या खणात त्यांना स्वतःचे सातही फॉर्म मिळाले. एकावरही हेडमास्तरांची सही नव्हती. ते फॉर्म त्यांनी मला दाखवले आणि माझ्याकडेच ठेवायला दिले. पहिल्यावर मास्तरांची स्वतःची इंग्रजी सही वाकडीतिकडी होती. सातव्यावरची एखाद्या साहेबाची वाटावी अशी.

मी म्हणालो, "मास्तर, या वर्षी मी स्वतः बोर्डात नेऊन देतो. बसाच."

"आता नाही जमत गा. अक्षर हलून राह्यलं. वहीवर बोट ठेवतो तं बोटच दिसत नाही."

मोतीबिंदू नव्हता, डोळ्यांची नसच सुकली होती. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी हात टेकले. मास्तरांनी पोरांना शिकवणं सोडलं. घंटी अंदाजाने वाजवत राहिले, आणि पोरं त्यावरून हसत. दोन वर्षांनी ते गेले. घाटावर शाळेतून कोणी आलं नाही.

तेराव्यानंतर मी हेडमास्तरांच्या रामदासपेठेतल्या घरी गेलो. ते व्हरांड्यात चहा घेत होते. फॉर्म त्यांच्यासमोर टाकले.

"बस, चहा घे," ते म्हणाले. "अरे, तो पास झाला असता तर दुसरीकडे गेला असता. शाळेचा इंग्रजीचा निकाल त्याच्यामुळे होता. मला शाळेचं पाहायचं होतं. आणि इंग्रजी तर त्याला येतच होतं, मग सर्टिफिकेट कशाला?"

मी कप उचलून अंगणात फेकला आणि निघून आलो. हात उचलला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

हेडमास्तर अजून आहेत. त्यांच्या सत्काराची पत्रिका मलाही आली आहे. शाळेचा निकाल त्यांनीच वर आणला, असं त्यात मोठ्या अक्षरांत छापलं आहे. मी जाणार आहे, पुढच्या रांगेत बसणार आहे आणि सगळ्यांसमोर विचारणार आहे: साहेब, सात वर्षं एका माणसाला "पाठवला" म्हणून सांगितलंत, ते कोणाच्या परवानगीने? याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, आणि ते मिळाल्याशिवाय मी तुम्हाला हार घालू देणार नाही.