दोन्ही डोस झाल्यानंतरचा ताप

चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टर माझ्याकडे न बघता त्या पट्टीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचे तर दोन्ही झाले नं?"

झाले होते. त्यांनीच दिले होते, आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात. दोन्ही वेळा माझ्यामागे गावातल्या बायका रांगेत उभ्या होत्या, कारण मी आधी हात पुढे केला तर त्या येतील असं ठरलं होतं. नंतर घरोघरी आम्ही दोघी मिळूनच फिरलो होतो. सिस्टर प्रत्येक अंगणात तेच सांगायच्या की लस घेतल्यावर कोरोना सहसा होत नाही आणि झालाच तर जोर कमी राहतो. लोकांच्या कानापर्यंत त्यातलं पहिलंच वाक्य पोचायचं.

धानाची मळणी संपून गावात जरा निवांतपणा आलेला होता. मी तोंडाला रुमाल बांधून मागच्या वाटेनं घरी निघाले. अंग मोडून आलं होतं, घसा खवखवत होता, पण त्याची मला तेवढी धास्ती नव्हती. वाटभर मनात एकच होतं, वहिनीला कसं सांगायचं.

सिंदेवाहीपासून बसनं थोडं आत आमचं गाव. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी मोठी वहिनी. माझं लग्न झालं नाही. आई-वडील लवकर गेले, आणि दादानं माझं शिक्षण केलं. स्वतः दहावीच्या पुढे गेला नाही, पण मला डी.एड.ला घालून आला. नोकरी लागली आणि पुढे बदली होऊन मी गावाजवळच आले, तेव्हापासून आम्ही तिघं एकत्र राहत होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादा शेती बघायचा, वहिनी त्याच्या बरोबरीनं धानाच्या बांधीत उतरायची, मी शाळेत. असं आमचं ठीक चाललं होतं.

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात दादा गेला. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यानं लसीचा पहिला डोस घेतला होता. शाळेत शिबिर होतं, माझी तिथं ड्युटी होती आणि मीच त्याला फोन करून बोलावलं होतं की आज गर्दी कमी आहे, येऊन जा. तो सायकलवर आला, टोचून घेतलं आणि झाडाखाली बसून लोकांशी गप्पा मारून घरी गेला. त्याला ताप आला. सगळ्यांनाच येत होता म्हणून आम्ही सुईचाच ताप समजलो. पुढे एका सकाळी ताटावर बसून तो म्हणाला की भाताला वासच नाही आज. आमच्या घरचा तांदूळ वासाचा. चुलीवर चढला की शेजारच्या अंगणापर्यंत कळायचं. तेव्हा मला समजलं. गाडी मिळेपर्यंत, खाट मिळेपर्यंत, ऑक्सिजन मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. चंद्रपूरहून त्याला घरी आणताही आलं नाही.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की सुई घेतली तेव्हा आजार आधीच अंगात शिरलेला असणार, आणि एका डोसनं इतक्या लवकर संरक्षण येत नाही. मी ते वहिनीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण तिच्या डोळ्यांसमोर घडलेलं इतकंच होतं की चांगला धडधाकट माणूस सायकलवर गेला, सुई घेऊन आला आणि झोपला तो उठलाच नाही. आणि त्याला बोलावणारी मी. तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त स्वतः लस घ्यायला ती तयार होईना. मी विषय काढला की सूप घेऊन उठायची आणि घरामागच्या सांदवाडीत जाऊन काहीतरी पाखडत बसायची. गावात बहुतेक सगळ्यांचे डोस झाले. लस सांगत फिरणाऱ्या मॅडमच्या घरातलीच बाई तेवढी राहिली, आणि लोक ते बोलून दाखवायचे.

त्या दिवशी मी फाटकाच्या बाहेरूनच तिला सांगितलं की मला निघाला आहे, तू लांब राहा, थोडे दिवस बहिणीकडे जा. ती अंगण सारवत होती. हात तसेच शेणात ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी कुठी जात नाई," ती म्हणाली. "तुमी त्या कोपऱ्यातल्या खोलीत जा. मी बाहेरूनच देतो सारं."

कोपऱ्यातली खोली म्हणजे धानाच्या पोत्यांची. तिनं पोती एका बाजूला सरकवली, खाट टाकली, पाण्याची चरवी ठेवली आणि मी आत शिरायच्या आधी बाहेर पडली. त्या खोलीला अंगणाकडे उघडणारी लहान खिडकी आहे. पुढचे सगळे दिवस आमचं बोलणं त्या खिडकीतूनच झालं. ती लिंबाच्या झाडापाशी उभी राहायची, तोंडावर पदर. मी तिला मास्क दिला होता, तर त्यावरूनही पदर.

आजार म्हणून सांगण्यासारखं फार काही झालं नाही. ताप चढला, उतरला. डोकं दुखलं. पाठ अशी दुखली की कुशीवर वळताना तोंडातून आवाज निघायचा. मग खोकला. सिस्टर फाटकातून विचारपूस करायच्या, मी बोटाला लावायचं यंत्र खिडकीतून वर धरून ऑक्सिजनचा आकडा सांगायची आणि तो चांगलाच असायचा. रोज उठल्यावर मी आधी साबणाची वडी नाकाशी धरून बघायची. वास येत होता. वहिनीनं चुलीवर टाकलेल्या लाखोरीच्या भाजीचाही यायचा. तो आला की जीव थाऱ्यावर यायचा आणि लगेच कसंतरीही व्हायचं.

ते कसंतरी काय होतं, हे मला पडल्या पडल्या हळूहळू उमगत गेलं. ज्या आजारानं दादाला नेलं तोच हा, नाव एकच. आणि माझ्या अंगात तो साध्या सर्दीतापासारखा आला, चार दिवस बसला, निघाला. मला बरं वाटू लागलं तसतसा एक राग येऊ लागला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. इतकंच असतं हे? मग तो का गेला? सिस्टरना विचारलं असतं तर त्यांनी नीट सांगितलं असतं की हा विषाणूही बदललेला आहे आणि तुमचे दोन डोस झालेले आहेत. मला ते माहीत होतंच. पण किती वाटा विषाणूच्या बदलाचा आणि किती डोसांचा हे माझ्यापुरतं कुणीच सांगू शकणार नव्हतं. लस नसती तर माझं काय झालं असतं, हे बघायला दुसरी मी कुठून आणणार? वाचलेल्या माणसाला तो कशानं वाचला हे कळत नाही, एवढंच मी त्या पोत्यांशेजारी पडून शिकले.

गावात बोलणं सुरू झालंच. पलीकडच्या घरचे म्हातारे काका, ज्यांना मी दोनदा समजावून, तिसऱ्यांदा हाताला धरून लसीला नेलं होतं, ते एकदा कुंपणापाशी आले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी वहिनीला विचारलं की मॅडमलेच झाला, तर आमाले घ्यायला काऊन लावली? त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

वहिनी काय बोलते ते ऐकायला मी उशीवरून मान उचलली. ती म्हणाली, "झाला, पन जेवून राह्यल्या. आपल्या पायानं मोरीवर जाऊन राह्यल्या." आणि आत निघून गेली.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर ती ताट घेऊन आली. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, पण नेहमीसारखी लांब गेली नाही, झाडापाशी दगडावर बसली. मी तिला आणखी मागे सरक म्हटलं तर सरकली. बराच वेळ माझं जेवण बघत होती. मग एकदम म्हणाली,

"बाई, एक सांगू? मी तुमाले तोंडानं कधी बोलली नाई. पन मनात धरून होती."

"मले माहीत हाय, वहिनी."

"तुमी फोन केला नसता तं ते गेले नसते, असं वाटे. शाळेतही गेले नसते आन् वरही गेले नसते."

घरात मी शाळेची भाषा बोलत नाही. मी म्हटलं की मलेही तसंच वाटते कधी कधी. डॉक्टर काही सांगो. रात्र झाली की तो फोन आठवते.

तिनं मान वर केली. मला वाटतं, माझ्या मनातही तेच आहे हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी मी शिकलेली, डॉक्टरांशी बोललेली, सगळं समजून मोकळी झालेली होते. एका घरात, एका चुलीवरचं खात, आम्ही दोघी एकच गोष्ट वेगवेगळ्या खोल्यांत घेऊन झोपत होतो.

"आता तुमाले पाहून राह्यली," ती हळू बोलली. "तुमाले दोन लागल्या, तुमाले काई झालं नाई. म्हंजे सुई मारत नाई. मंग त्याइले कशानं झालं?"

"आजारानं झालं, वहिनी. आजार आधीच लागला होता त्याले."

हे मी तिला आधीही सांगितलं होतं. या वेळी ती उठून गेली नाही. पदरानं डोळे पुसले, मास्क ओला झाला म्हणून काढून पालथा केला आणि पुन्हा लावला. मग म्हणाली, भाजी थंडी झाली, खाऊन घ्या.

मी खोलीतून बाहेर आले आणि वहिनी खोकू लागली. आता माझी पाळी होती. ती चाचणीला तयार होईना. सर्दी आहे म्हणायची. मी सिस्टरना बोलावून आणलं तर ती मागच्या दारानं वाडीत निघून गेली. तिला एकही डोस नाही, वय पन्नाशीचं, आणि माझ्यामुळेच लागलेला. मी तिच्या बोटाला सारखं यंत्र लावत होते आणि ती वैतागून बोट काढून घेत होती. दादाच्या वेळी बघत होते तसंच मी तिचा श्वास बघत बसायची, छाती किती वेगानं हलते ते. पण तिचा खोकला आठवड्याभरात ओसरला. तो कोरोना होता की साधी सर्दी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. एकही सुई न घेता ती बरी झाली होती. आता लसीचं नाव काढलं तर ती हेच पुढे करेल, असं मी धरून चालले आणि गप्प राहिले. शाळा सुरू झाली. काकांना मी रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे खालीवर बघितलं आणि बरी दिसतेस म्हणाले. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालेलं असावं.

मोहफुलं पडायला लागली तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून आले तर वहिनी दारापुढच्या सपरीत भिंतीला टेकून बसली होती, एका हातानं दुसरा दंड धरून. मला वाटलं, कुठं पडली की काय. तिनं पदर बाजूला केला. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. एकटीच चालत उपकेंद्रात गेली होती.

तीच म्हणाली, "त्याइची दुसरी सुई राह्यली होती. मनात आलं, घरातल्या कोनी तरी पुरं करावं."

तिला मी समजावू शकले असते की दुसऱ्याचा डोस असा पुरा होत नाही, आणि तिची ही पहिलीच धरली जाईल. मी तिच्याशेजारी बसले. तिचा दंड गरम लागत होता. त्या संध्याकाळी तिला ताप भरला आणि मी फार घाबरले. ती नाही. गोळी घेतली, गोधडी ओढून घेतली आणि मला म्हणाली की तुमी सैपाक करा, आज मले होत नाई. मी तांदूळ निवडायला घेतला. गोधडीतून मधूनमधून तिचा आवाज यायचा, पाणी किती घालायचं ते सांगणारा, जणू मी त्या घरात पहिल्यांदाच भात शिजवत होते.