दोघा भावांच्या मधे एक आठवडा

"होतंय की," असं म्हणून तो डाव्या हाताने मान खाजवायचा. हे दोन्ही एकदम घडलं की समजायचं, ते काम काही होत नाही.

अंधेरीच्या आमच्या ऑफिसातून औषधांची खोकी गावोगाव जायची आणि ती पाठवणाऱ्या खात्यात मी त्याच्या शेजारी एकोणीस वर्षं बसलो. कोल्हापूरची खोकी कोलकात्याला गेली तरी "होतंय की". साहेब टेबलावर हात आपटू लागले तरी "होतंय की". असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर बहुधा तो तुम्हीच आहात.

तो नांदेडकडचा, गोदावरीकाठचा. मी राहायला मुलुंडला, पण मूळचा मालवणी. म्हणजे माशांच्या बाबतीत जन्मजात न्यायाधीश. त्याच्या डब्यात रोहू असला की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचो, "काय रे, आज चिखलाचं कालवण काय?" तो एक तुकडा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायचा. मी तो खायचो आणि नावं ठेवायचो. दोन्ही कामं मी मनापासून केली.

एका जानेवारीत त्याने आठवड्याची रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली.

"थोरला भाऊ येतोय गावाहून. पवईच्या तलावावर गळ टाकून बसू. तू चल."

"मी कशाला?"

"मधे बसायला."

मग हळूहळू कळलं ते असं. वडील गेले तेव्हा हा निरोप मिळताच मुंबईहून निघाला होता. वाटेत बस बंद पडली. हा गावात पोचला तेव्हा भावाने अग्नी देऊन तासभर झाला होता. हा दारातूनच मागे फिरला. त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत भावाभावांत एक शब्द नाही. लग्नकार्यं, दुखणीखुपणी, सगळे निरोप दोघांच्या बायका फोनवरून पोचवायच्या. हा आठवडाही त्या दोघींनीच परस्पर ठरवला होता.

"मग मासे कशाला? मुंबई दाखव त्याला."

"फिरवायला खर्च येतो. आणि घाटकोपरला माझ्या दोन खोल्या. घरात न बोलता बसलं की भांडण दिसतं. पाण्यावर न बोलता बसलं की मासेमारी दिसते."

एकोणीस वर्षांत त्याने केलेलं हे सर्वात लांब भाषण.

सामानाचा थाट काय सांगू! मांडववाल्याकडून मागून आणलेले तीन बांबू. दोरीला नायलॉनचा तंगूस, तोही दुकानातला सर्वात स्वस्त. मासा लागला की कळावं म्हणून तंगूसाला बांधायला थर्माकोलचे तुकडे, ऑफिसच्या खोक्यांतून काढलेले. गळाला लावायला शिळ्या पोळ्या, गूळ आणि हिंग असा मळलेला गोळा. हिंगाचा वास माशांना आवडतो म्हणे. बसमधल्या लोकांना आवडला नाही.

थंडी म्हणजे आपली मुंबईची थंडी. पहाटे अंगावर जरा काटा येतो आणि आपण काश्मीरला निघाल्यासारखे कपडे घालतो. मी स्वेटर, मफलर आणि नवी कोरी माकडटोपी घालून गेलो. थोरला भाऊ पातळ सदऱ्यावर आला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कळवळून विचारलं, "आजारी हायत का तुम्ही?"

पैसे भरून रीतसर बसणारे हौशी लोक तलावाच्या दुसऱ्या बाजूला. आम्ही फुकट्यांच्या काठावर, जलपर्णीच्या शेजारी. तिथे पाटी होती : तलावात मगरी आहेत, पाण्यात उतरू नये. मी ती वाचून दाखवली. "होतंय की," तो म्हणाला.

मग माझी टपालसेवा सुरू झाली.

"त्याला सांगा, गळ लै वर हाय."

"तुझा गळ वर आहे म्हणतात."

"त्याला सांग, मला कळतं."

दोघांत अंतर दोन हातांचं. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी टपालात फेरफार करू लागलो. "दादा म्हणतात, छान टाकलास." त्यावर पलीकडून ताबडतोब खुलासा आला, "असं म्हनलो नाही मी."

पाच दिवसांत तळहाताएवढ्या चार चिलाप्या मिळाल्या. त्यांतल्या दोन मांजराने आमच्यादेखत नेल्या. मी जी टीका केली ती इथे लिहिण्याजोगी नाही.

सहाव्या दिवशी सकाळी थोरल्याचा बांबू एकदम वाकला. मासा मोठा होता. तो थेट जलपर्णीत घुसला आणि तंगूस अडकला. तो स्वस्तातला तंगूस तुटणार, हे मलाही दिसत होतं. तेवढ्यात आमचा हा पँट वर करून पाण्यात शिरलासुद्धा. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी जलपर्णी ओढू लागला. मला पाटी आठवली.

"गाढवा, बाहेर ये! मगर हाय न तिथं!"

थोरला ओरडला होता. मला न सांगता, थेट.

"दादा, तू बांबू धर आधी!"

"बांबू गेला मसनात! तू ये!"

आणि साठीचा तो माणूस बांबू टाकून पाण्यात उतरला, धाकट्याची कॉलर धरून त्याला ओढत काठावर घेऊन आला. मासा, तंगूस आणि मांडववाल्याचा बांबू असे तिघं मिळून पलीकडच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या दिशेने उच्च शिक्षणाला गेले.

दोघे काठावर कुडकुडत बसले. मी स्वेटर एकाला दिला, टोपी दुसऱ्याला. माझी माकडटोपी घातलेला थोरला पाण्याकडे बघत होता.

"दुपारपर्यंत थांबलो होतो रे," तो म्हणाला. "मे महिना होता. त्याच्या पुढं थांबवंना."

"माहीत होतं मला."

"मग अकरा वर्षं काय केलंस हे?"

"तुझ्यावर नाही तर कुणावर रागवू, दादा? बसवर?"

थोरल्याने टोपीनेच डोळे पुसले, मग नाकही. टोपी नवी होती.

संध्याकाळी घाटकोपरच्या बाजारातून एक रोहू विकत घेऊन आम्ही विजयी मुद्रेने घरी गेलो. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पिशवीत डोकावून विचारलं, "गळाचा मासा साफ करून, तुकडे करूनच पाण्याबाहेर येतो का हो?" दोघे भाऊ एकदम हसले, आणि त्या तशाच पिशवी हातात धरून दोघांकडे बघत राहिल्या. मी जेवायला थांबलो. चव चिखलाचीच होती. तीन तुकडे खाऊन मी तशी खात्री करून घेतली.

दोन वर्षांनी तो निवृत्त झाला आणि खोल्या भाड्याने देऊन वहिनींसह गावी गेला. आता ऑफिसात शेजारी जो बसतो त्याची खोकी बरोबर पोचतात. डब्यात तो सॅलड आणतो. त्याला काय नावं ठेवणार?

गेल्या जानेवारीत मी फोन केला. त्याने उचलला, पण आवाज अगदी बारीक.

"आत्ता नको रे."

"का? बरं नाही का?"

उत्तराच्या आधी मागून कुणीतरी खेकसलं, "कोन हाय?"

"ऑफिसातला."

"मग ठेव न फोन! हिकडं धर, लागलाय!"

फोन ठेवायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. पाण्याचा आवाज येत होता, आणि दोन म्हातारे एकमेकांवर जिवाच्या आकांताने ओरडत होते. साहेब येईपर्यंत मी ऐकत बसलो.