पेंटरचाचांनी न लिहिलेली ओळ

"शब्द लंबा हाये बाबू, भिंत छोटी हाये."

असं म्हणताना पेंटरचाचा एक डोळा मिटायचे, ब्रश उभा धरून भिंत मापायचे आणि मग माझ्याकडे असे बघायचे, की भिंत जणू मीच आखूड बांधली आहे.

या माणसाबद्दल मी एकदा खोटं बोललो. ते आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याविषयी जे चांगलं लिहीन ते वाचून तुम्हाला मीही बरा माणूस वाटायला लागेन, आणि तसं व्हायला नको.

चंद्रपूर जिल्ह्याच्या सिमेंटच्या पट्ट्यातलं आमचं गाव. झाडांवर, कौलांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बारीक राखाडी धूळ. मी तिथल्या नगरपंचायतीत बाबू होतो. वरून सप्ताह यायचे, पंधरवडे यायचे, अभियानं यायची. त्यांची वाक्यं भिंतींवर लिहून घेण्याचं काम माझ्याकडे. एका वर्षी 'सक्षमीकरण' असायचं, पुढच्या वर्षी 'मुख्य प्रवाह', त्याच्या पुढच्या वर्षी 'सर्वसमावेशक'. चाचा जुन्या वाक्यावर चुना फिरवायचे आणि त्याच भिंतीवर नवं लिहायचे. चुना पातळ झाला की जुनं खालून डोकावायचं. एकदा बसस्टँडच्या भिंतीवर 'वंचित'च्या पोटातून आदल्या वर्षीचा 'लाभार्थी' स्पष्ट दिसत होता. मी चिडलो.

"राहू द्या ना बाबू," चाचा म्हणाले. "मानूस तोच हाये."

प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ ते विचारायचे. न विचारता ब्रश बुडवायचे नाहीत.

"सर्वसमावेशक म्हंजे का होते?"

"सगळ्यांना सोबत घेऊन."

"मंग 'सगळ्याईले सोबत' लिवतो. रंग बी वाचते."

"वरून आलंय चाचा. बदलता येत नाही."

"वरून आलं तं मंग लिवाच लागते," म्हणून ते शिडी चढायचे.

त्यांना अभिमान होता तो आपल्या 'क्ष'चा. असा 'क्ष' राजुऱ्यापासून जिवतीपर्यंत कोणाच्या हाताला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. 'सक्षमीकरण' त्यांना त्यासाठीच आवडायचं. शुक्रवारी नमाजच्या आधी रंगाला हात लावत नसत. पांढरा कुडता, अत्तर, डोळ्यांत सुरमा, त्या दिवशी काम सांगायला गेलं की म्हणायचे, "आज मी पेंटर नाई, आज मी नवरदेव हाये." चहात साखर कमी पडली तर चहावाल्याशी भांडायचे आणि भांडून झाल्यावर त्याच्याकडूनच दुसरा चहा प्यायचे.

खरं सांगायचं तर त्या शब्दांना मीही कंटाळलो होतो. पण त्यांचा मला फायदाही होता. अहवालात 'सर्वसमावेशक' लिहिलं की कोणत्याही वस्तीत पाय ठेवावा लागत नसे.

मग समता पंधरवडा आला. जिल्ह्याहून अधिकारी येऊन एखादी दुर्लक्षित वस्ती बघणार होते. वस्ती ठरली ती नाल्यापलीकडची, मशिदीच्या मागची. चाचांचीच. पाण्याची पाइपलाइन वस्तीच्या तोंडापर्यंत आली होती, आत एकाही घरात नळ नव्हता. आमच्या कागदावर मात्र काम पूर्ण झालेलं. मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या. मी कागद दाखवला, त्यांनी तो खरा धरला आणि सांगितलं, की वस्तीच्या पहिल्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: 'या वस्तीत घरोघरी नळ'.

चाचांनी वर 'समता पंधरवडा' लिहिलं, दोन्ही बाजूंना कमळं काढली. मी खालची ओळ सांगितली. त्यांनी ब्रश पुसला आणि डब्यात ठेवला.

"हे नाई लिवत."

"का? भिंत छोटी आहे?"

"भिंत बराबर हाये." ते शिडीवरून उतरले. "बाबू, समता लिवलं, समावेशक लिवलं. त्याचा मतलब कोनाले मालूम नाई, म्हनून त्याचं झूट बी होत नाई. पन नळ म्हंजे नळ. तुमची चाची रोज याच भिंतीजवळून डोक्यावर पितळेचा गुंड घेऊन पान्याले जाते. ते वाचते ना."

आजूबाजूला चार माणसं होती. ती हसली. मला ते लागलं. "तुमचं काम लिहायचं, ठरवायचं नाही," एवढं बोलून मी ऑफिसात आलो. मॅडमनी विचारलं, ओळ का नाही झाली? वस्तीत नळ नाहीत हे सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "पेंटर पिऊन आला होता."

ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, त्याच्याबद्दल. कोणी शंकासुद्धा घेतली नाही. चाचांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास कायम असायचा, तो माझ्या मदतीला आला. त्या दिवसापासून नगरपंचायतीचं काम त्यांना मिळालं नाही. दुपारपर्यंत तीच ओळ फ्लेक्सवर छापून आली.

अधिकारी आले त्या सकाळी बाया पाण्याचे रिकामे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन नेमक्या फ्लेक्सखाली उभ्या होत्या. मोठ्या साहेबांनी फ्लेक्स वाचला, गुंड पाहिले.

"नळ कुठे आहेत?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून चाचा पुढे झाले. मला वाटलं, संपलं.

"साहेब, नळ येऊन राह्यले," ते म्हणाले. "हे आमचे बाबू मांगं लागून हायेत. बोर्ड पयलेच लावून टाकला त्याईनं, मांगं सरता येऊ नये म्हनून."

लोक हसले, साहेबही हसले. मग साहेबांनी मला विचारलं, "कधीपर्यंत?"

"उन्हाळ्याआधी," मी म्हणालो. सगळ्या वस्तीनं ऐकलं.

त्यानंतर मी जेवढा धावलो तेवढा सगळ्या नोकरीत धावलो नव्हतो. मॅडमना खरं सांगितलं, म्हणजे नळांचं; चाचांचं नाही. कंत्राटदाराच्या घरी जाऊन बसलो. होळीच्या सुमारास घरोघरी तोट्या लागल्या. नोकरीत केलेलं कोणतं काम सांगावंसं वाटतं, असं मुलांनी विचारलं तर मी हेच सांगतो. ते काम मला चाचांनी मिळवून दिलं. मला सहज बुडवता आलं असतं अशा क्षणी त्यांनी मला हात दिला, आणि त्याच हातानं कामालाही जुंपलं. त्याबद्दल मी रोज त्यांचा ऋणी आहे.

आता ते गावात नाहीत, बल्लारपूरला मुलीकडे असतात. गावाच्या भिंती फ्लेक्सनी झाकल्या आहेत. नवे शब्द येतात, वाऱ्यानं फाटतात, कोणी अर्थ विचारत नाही.

ते जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मधली कितीतरी वर्षं रस्त्यात भेटले की तेच आधी सलाम करायचे आणि मी घाईत असल्यासारखं दाखवायचो. चाचा ब्रशांची मोळी सुतळीनं बांधत होते. मी बसलो आणि सांगितलं, की तुम्ही पिऊन आलात असं ऑफिसात मीच म्हणालो होतो.

"मालूम हाये," त्यांनी गाठ मारली. "मी तं तवाच माफ केलं. काम गेलं त्याचं काई नाई. तसंबी फ्लेक्सनं खाल्लंच असतं."

मग त्यांनी मोळी बाजूला सारली.

"पन बाबू, गोष्ट फिरत फिरत घरी आली. चाचीनं तोंडानं कधी विचारलं नाई. पन संध्याकाळी मी आलो का शर्ट खुटीले लावता लावता वास घेते. अजून घेते. मी कसं सांगू तिले? पिनारा बी तेच सांगते, का मी पेलो नाई."

त्यांनी आत हाक मारली, "सुनो, बाबू आये हैं."

चाची पदराला हात पुसत दारात आल्या. मी उठून उभा राहिलो. चाचा खाली बघत सुतळी गुंडाळत राहिले.

"चाची," मी म्हणालो, "चाचा कधीच प्यायले नाहीत. ते पिऊन आले असं ऑफिसात मी सांगितलं होतं, माझी चूक झाकायला. ते खोटं होतं. तुम्ही दोघंही मला माफ करा."