ताईचे प्लास्टिकचे पेशंट

दाजींचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला कारखान्यात एका बंद पडलेल्या मोटरीचं झाकण काढत होतो. "दीपक, वंदना गेली," एवढंच ते म्हणाले. मेंदूत रक्तस्राव. वय सेहेचाळीस. याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं ताईचा हात किती हलका होता, दाढ काढलेली कळायचीसुद्धा नाही, हेच सांगितलं. खरंच होतं ते. पण त्या दिवशी टीव्ही सेंटरजवळच्या तिच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, तीन पेशंट आ वासून पडले होते, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते तिघं प्लास्टिकचे होते. जुने, कॅसेट घालून खेळायचे व्हिडिओ गेम.

दातांच्या डॉक्टरला हे वेड कुठून लागलं, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. सुरुवात झाली तेव्हा मी सोबत होतो. शहागंजात एका भंगारवाल्याच्या ढिगात तिला असा एक गेम दिसला, वायरी गुंडाळलेला, पिवळा पडलेला. ती तिथंच उकिडवी बसली. भंगारवाले चाचा तिच्याकडून दाढ भरून घेतलेले, म्हणून ओळखीचे. ते म्हणाले, "डॉक्टर आपा, ये कचरा लेको क्या करते?" ताई म्हणाली, "इसके दाँत साफ करती." चाचांना वाटलं थट्टा करतेय. मलाही तसंच वाटलं. पुढच्या रविवारी गेलो तर मागच्या खोलीत हिरव्या कापडावर त्याचे सगळे अवयव मांडलेले, आणि ताई मास्क लावून त्यावर वाकलेली.

हळूहळू लोक आपापले बंद पडलेले गेम तिच्याकडे आणून द्यायला लागले, आणि मला चाळाच लागला. रविवारी दुपारी तिच्याकडे जायचं आणि नुसतं बघत बसायचं. आमचा दोघांचा स्वभाव एकच, बंद डबी दिसली की उघडून बघायची. वरचं कवच ती साबणाच्या पाण्यात बुडवायची. आतल्या पट्टीवर स्पिरिटचा बोळा, कॅसेटच्या पितळी दातांवर आधी खोडरबर आणि मग पुन्हा स्पिरिट. दातांच्या फटीत फिरवायची ती बारीक आकड्याची हत्यारं रिमोटच्या बटणांभोवती फिरवली, की जे काय निघायचं! (कंट्रोलर वगैरे नंतरचं, आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो.) कुरतडलेली नखं, शेव, पेरूच्या बिया, एकदा तर चक्क दुधाचा दात. तो तिनं गेमबरोबर परत दिला, तर त्या गेमचा पस्तिशीचा मालक दवाखान्यात लहान मुलासारखा लाजला. ती घाणीवरून माणूस सांगायची. उजवीकडचंच बटण झिजलंय म्हणजे हा मागं फिरणारा नव्हे, असलं काहीतरी. मला ते निम्मं थापा वाटायचं, पण ऐकायला गंमत यायची. कॅसेटवर फुंकर मारणाऱ्यांवर मात्र तिचा भारी राग. "थुंकी उडते ती, दुसरं काय. गंज चढतो," म्हणायची. आमची सगळी पिढी तर फुंकर मारूनच मोठी झालेली.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. कुठलाही गेम आला की स्क्रूला हात लावण्याआधी ती दातांचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन कॅसेटच्या खाचेत घालायची आणि एक डोळा मिटून आत बघत राहायची. झाकण उघडल्यावर सगळं दिसणारच होतं, मग आधी काय बघायचं? विचारलं की म्हणायची, "कीड."

ती कीड कसली, हे सांगायचं तर लासूर स्टेशनला जावं लागेल. आमचे अण्णा तिथल्या आडतीत मापाडी होते, दिवसभर धान्याची पोती काट्यावर चढवायचे. खंडेनवमीला आमच्याकडे त्यांचा काटा, वजनं, आईचा विळा, आमची पाटी-पुस्तकं, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं जायचं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या वर्षी मामानं आम्हाला व्हिडिओ गेम आणून दिला होता. ताईनं तो वजनांच्या शेजारी आणून ठेवला. अण्णा म्हणाले, "ह्ये काय हत्यार हाय का? याच्यावर कुणाचं पोट भरतंय? उचल ते." ताईनं उचललं. दिवसभर ती फुगून बसली.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, गेम बंद पडला. सकाळपासून मीच त्याला चिकटलेलो. अण्णांनी विचारपूस वगैरे केली नाही, कानाखाली दोन आणि पाठीत तीन. ते बाहेर गेल्यावर मी रडत रडत कॅसेट उपसली, तर तिच्या टोकाला कुंकवात भिजलेला तांदळाचा दाणा चिकटलेला. अक्षत! डोक्यात लख्ख उजेड पडला. ताईनं चोरून पूजा केली होती, आणि हळद-कुंकू नेमकं खाचेतच वाहिलं होतं. तेवढ्यात अण्णांच्या चपलांचा आवाज आला. मी तो दाणा तोंडात टाकला आणि गिळला. मार तर बसलाच होता, आता दोघांनी खाऊन काय फायदा? गेम माळ्यावर गेला. ताई बोलली नाही, मी बोललो नाही. त्याला तीस वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात लासूरच्या घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा तो गेम सापडला. अण्णा आता नाहीत. मी तो ताईकडे घेऊन गेलो. तिनं आरसा घेतला, खाचेत घातला आणि बघतच राहिली... मग आरसा ठेवून मास्क काढला. "दिप्या, ते मी केलतं," ती म्हणाली. "समद्यांची पूजा झाली, त्याचीच नाय. मला लई राग आलता. मार तू खाल्ला अन् मी आतल्या घरात बसून ऐकत व्हते." शहरात इतकी वर्षं काढलेली माझी डॉक्टर बहीण एकदम लासूरचं बोलायला लागली होती. इतके दिवस प्रत्येक गेममध्ये ती काय शोधत होती, ते मला तेव्हा समजलं.

आणि मी काय केलं? "काय सांगतेस ताई!" म्हणून डोळे विस्फारले. तिनं एवढं बळ गोळा करून सांगितलेलं, त्यावर "मला माहीत होतं" असं म्हणून पाणी कसं ओतायचं? मी थोडा रुसलो, थोडा चिडलो. तिनं डोळे पुसले, कान धरले, हसली. आठवड्यानं म्हणाली, "नाही चालत रे. कुंकवानं आतून खाल्लंय." विषय संपला.

पण ती गेल्यापासून तेच मला खातंय. एवढी वर्षं ती अपराध्यासारखी जगली आणि माझ्या एका वाक्यानं तो सल निघाला असता. "ताई, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि माझा राग नव्हता." हे मी तेव्हाच म्हणू शकलो असतो, आणि शेवटच्या उन्हाळ्यातही म्हटलं नाही. नाटक करत बसलो. आता कुणाला सांगू?

गेल्या रविवारी दाजींनी ते तिन्ही गेम ज्याचे त्याला पोचवायला बोलावलं. नावं कुठं मिळणार म्हटलं, तर त्यांनी एक फाईल पुढं केली. माणसांसारखाच प्रत्येक गेमचा केसपेपर! एवढ्या रविवारांत मला याचा पत्ता नव्हता. पत्ते उतरवून घेताना सर्वांत खाली आमच्या गेमचा कागद निघाला. डॉक्टर असून तिचं अक्षर सुवाच्य होतं.

"तपासणी : खाचेत अक्षता चार. टाकल्या होत्या पाच. पाचवी दिप्यानं गिळली, मी दारातून पाहिलं.

बिघाडाचं कारण : कुंकू नव्हे. कुंकू वरवरच होतं, पुसून निघालं. आतला वीज आवरणारा भाग तापून जळालेला. दिवसभर बंद न करता खेळल्यामुळे.

सूचना : दिप्याला सांगू नये. माझ्यासाठी मार खाल्ला, याचा त्याला तीस वर्षं अभिमान आहे."