मिसिंग मारणारी गाडी

नोकरीत माणसांची चौकशी पुष्कळ केली, चारचाकीची उलटतपासणी मात्र एकदाच. ती मी अजून विसरलेलो नाही.

निवृत्ती जवळ आली होती. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसऱ्याच्या सकाळी शस्त्रपूजन आटोपून जरा टेकतोय, तोच ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, मिसिंगचं प्रकरण आहे." आमच्या भाषेत मिसिंग म्हणजे माणूस हरवल्याची नोंद. मी विचारलं, "कोण हरवलंय? बाई का बाप्या?" तो गोंधळला. "माणूस नाही साहेब, गाडी मिसिंग मारत होती. हायवेला चढताना बंद पडली आणि टेम्पोनं मागून ठोकली."

गाडीचा मालक गावातला बागायतदार. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. त्याला सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात हलवलं होतं. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. "घरातनं निगाल्यापासनं गाडी आचके देत हुती सायेब," तो म्हणाला. "पिकअपच घेत न्हवती. हायवेला चढताना जोरात दाबली, तर फटफट करून जाग्यावरच थांबली."

एवढ्यावर हा साधा अपघात होता. संध्याकाळी ठाण्यात फोन आला. गाडी ओढून आणायला गेलेल्यांपैकी एक जण बोलत होता. "सायेब, टाकीच्या झाकणाला मुंग्या लागल्यात. साखर हाय तितं."

पंच बोलावून झाकणावरची पत्र्याची झडप उघडली. खरंच, झाकणाभोवतीच्या खोबणीत साखरेचे दाणे होते. पंचनामा करून दाणे पुडीत सीलबंद केले. टाकीत साखर टाकली की इंजिनाचा खुळखुळा होतो, हे आमच्या उसाच्या मुलखात शेंबडं पोरही सांगतं. बातमी आमच्या आधी दवाखान्यात पोचली आणि जखमीनं सरळ नाव घेतलं, धाकट्या सख्ख्या भावाचं. दोघांत बांधावरून वाद होता, वर्षभर बोलणं बंद होतं. धाकटा फौजेत, सुट्टीवर आलेला. आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, तिन्हीसांजेचा तो गाडीपाशी दिसला होता, असं शेजाऱ्यानंही सांगितलं.

त्याला ठाण्यात बोलावलं. गडी खुर्चीतसुद्धा सावधान बसला.

"गाडीपाशी काय करत होतास?"

"हार बांधत हुतो सायेब. झेंडूचा."

"ज्याच्याशी बोलत नाहीस त्याच्या गाडीला हार?"

"बोलत न्हाई म्हणून तर तो घरात गेल्यावर बांधला."

सगळे सहकारी हसले. मला हसू आलं नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा याहून बरं खोटं घेऊन येतो. पण तक्रार गंभीर होती. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागत होतं. अटक दाखवली की त्याच्या पलटणीला कळवावं लागणार, आणि मग निर्दोष सुटला तरी नोकरीवरचा डाग कोण पुसणार? माझा दुय्यम अधिकारी घाई करत होता. मी म्हटलं, "आधी गाडीचा जबाब होऊ दे."

अपघाताच्या गाडीची तपासणी परिवहन खात्याचे मोटार वाहन निरीक्षक करतात. आमच्याकडे आले ते साताऱ्याकडचे, बोलके गृहस्थ. सकाळी ठाण्याच्या आवारात त्यांनी गाडी चालू केली. ती जुन्या दमेकऱ्यासारखी खोकत उभी राहिली. माझी उत्सुकता काही गप्प बसेना. मी शेजारी स्टूल टाकून बसलो.

"साहेब, इंजिनाला तीन गोष्टी वेळेवर लागतात," ते म्हणाले. "पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यातलं एक चुकलं की गाडी मिसिंग मारते, आचके देते. तुमच्यासारखंच एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं."

पहिला संशयित पेट्रोल. टाकीच्या तळातलं पेट्रोल त्यांनी काचेच्या बाटलीत काढलं. "साखर पेट्रोलात विरघळत नाही. आत गेली असती तर इथं तळाला दाणे दिसले असते. पाणी असतं तर तेही खाली वेगळं दिसलं असतं." बाटली स्वच्छ होती. इंधनाचा फिल्टर तुंबलेला नव्हता, पंपाचा दाब ठीक होता. मग हवा. एअर फिल्टर काढून झटकला. धूळ निघाली, पण श्वास अडावा इतकी नाही. दोघे सुटले, राहिली ठिणगी. त्यांनी इंजिनावरची, प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल उपसली आणि माझ्याकडे बघून हसले. प्लगच्या खोल खळग्यात पाणी साचलेलं होतं.

"ठिणगी प्लगच्या टोकाला जायच्या ऐवजी पाण्यातून पळवाट काढते. चारांतलं एखादं सिलिंडर गप्प बसतं. सपाट रस्त्याला कसंबसं भागतं, जोर मागितला की गाडी मान टाकते."

पाऊस तर पंधरवडाभर नव्हता. पाणी आलं कुठून? मी तडक विश्रामबाग गाठलं. "खंडेनवमीला गाडी कुणी धुतली?"

"मीच की," थोरला म्हणाला. "बागंला औषध मारायच्या पंपानं. बॉनेट उगडून इंजिन लय चकाचक केलं. ट्रॅक्टर बी दरसाल तसाच धुतो."

मी कपाळावर हात मारला. ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला ठिणगी लागतच नाही. त्यावर कितीही फवारा मारा, तो दाद देत नाही. तीच सवय पेट्रोलच्या गाडीला नडली होती.

तरीही साखर उरलीच. ती काही आपल्या पायानं चालत आली नव्हती. ठाण्यात येऊन पुडी पुन्हा पंचांसमोर उघडली आणि दाणे उजेडात धरले. काही दाणे लालसर होते. कुंकू! घातपात करणारा कुंकू घेऊन येत नाही. मी वडूजकडचा. आमच्याकडे बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाला ओवाळून घास देतात. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्यांच्या घरी गेलो.

दोघांची आई ओसरीवर बसली होती. थोरला पडला एवढंच तिला सांगितलेलं, बाकीचं लपवलं होतं.

"मावशी, गाडीची पूजा कुणी केली?"

"मीच केली. हळद-कुकू लावलं, ववाळलं, चिमूटभर साखर घातली."

"साखर कुठं घातली?"

"आवं, तोंडात! बैलाला घास द्यायचा आन् गाडीला न्हाई व्हय? जितं पेट्रोल पितीया तितंच तिचं तोंड." मग तिचा चेहरा उतरला. "का वं सायेब? चुकलं व्हय माजं?"

मी म्हटलं, "नाही मावशी, काही चुकलं नाही." त्या वेळी मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

थोरल्याचा पुरवणी जबाब नोंदवला आणि प्रकरण अपघात म्हणून निकालात काढलं. मी धाकट्याला ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. वाटलं, उड्या मारेल. पण तो म्हणाला, "साखरंचं कळलं सायेब. पन ती मीच घातली, हे दादाला लगीच खरं कसं वाटलं?"

मी त्याला जीपमध्ये घातलं आणि विश्रामबागेला नेलं. वाटेत मनाशी म्हणत होतो, आपण जन्मभर गुन्हा कुणी केला हे शोधत आलो. गुन्हा घडलाय का, हे आधी विचारायला हवं, ही अक्कल एका खोकणाऱ्या गाडीनं दिली. निवृत्तीच्या तोंडावर का होईना, शिकलो.

धाकट्यानं खाटेपाशी उभं राहून तोच प्रश्न विचारला. थोरल्याला रडू फुटलं.

"तू बोलतच न्हवतास रं," तो म्हणाला. "गप बसलेल्या माणसाबद्दल काय बी खरं वाटतं."