गाय पायी नेली तेव्हा

आमच्या घरची शेवटची गाय मोठ्या आईनं टेम्पोत चढवू दिली नाही. ती चौदा किलोमीटर पायी नेली. सोबत मला नेलं, कारण त्या दिवशी मला सुट्टी होती आणि घरात नाही म्हणता न येणारी मी एकटीच आहे.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव पूर्वी नागपूरच्या बाहेर होतं. आता ते बाहेर आहे की आत, हे पत्ता कोणाला सांगायचा आहे त्यावर ठरतं. लग्नाच्या स्थळाला सांगताना नागपूर, ग्रामपंचायतीच्या कामाला गाव. मी इंग्रजी शाळेत असताना फक्त रस्त्याचं नाव सांगायची. कोणी पुढे विचारलं तर बाटलीतलं पाणी प्यायची.

शाळेची व्हॅन गावात येत नसे. साडेआठला ती आखराजवळ थांबायची. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथं सकाळी घरोघरच्या गायी गोळा व्हायच्या. गुराख्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. तो गायी घेऊन रानात जायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. आमच्या घरातून आखरापर्यंत गाय पोचवणं माझ्याकडे होतं, कारण मला तिकडं जायचंच असायचं. पांढरे मोजे, टाय, पाठीवर दप्तर आणि हातात गायीचं दावं, अशी मी रोज निघायची. आखरावर दावं सोडायचं, गायीच्या गळ्यात गुंडाळायचं आणि बुटाचं शेण गवतात पुसून व्हॅनमध्ये बसायचं. व्हॅनमधली मुलं नाक दाबायची. मी खिडकीकडे बघायची.

गायकीला आम्हा मुलांची नावं ठाऊक नव्हती. तो आम्हाला गायींवरून ओळखायचा. आमच्या गायीच्या कपाळावर पांढरा चांद होता, म्हणून मी चांदवाली. शेजारची मोडशिंगी. "काहून वं चांदवाली, आज उशीर केला? बाकीच्या गायी वाट पाहून राहिल्या ना!" असं तो ओरडायचा. उत्तराची वाट बघायचा नाही, हे मला फार बरं वाटायचं. शाळेत सगळे उत्तराची वाट बघत. चौथीत गायीवर निबंध आला तेव्हा मी पुस्तकातला लिहिला, चार पाय, दोन शिंगं, उपयुक्त प्राणी. आमची गाय पावसात भिजली की तिच्या पाठीतून वाफ निघते, आणि सगळ्या कळपातून ती फक्त मोठ्या आईच्या हाकेला मान वळवते, यातलं काही लिहिलं नाही. निबंधाखाली 'गुड' मिळालं.

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असायचं. गायींची शिंगं रंगवायची, गळ्यात मोरपिसांच्या माळा. गायकी फेटा बांधून यायचा आणि एकेका गायीला शेणाच्या गोवर्धनावरून चालवायचा. त्या दिवशी तो प्रत्येक गायीची आई आणि आजी कोण होती ते मोठ्यानं सांगायचा. माणसांच्या घराण्यांविषयी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मग एकेक शेत प्लॉट पाडून लेआउटमध्ये गेलं. चराईच्या रानात रिंग रोड आला. आखराच्या जागेवर लग्नाचं लॉन झालं आणि आम्ही दावं सोडायचो तिथं गाड्या लागायला लागल्या. गावात चार गायी उरल्या, तेव्हा गायकी घरोघरी सांगत आला, "चार ढोरांसाठी रोड पार नाही करत मी आता. एखाद्या दिवशी मीच गाडीखाली येईन." तो त्याच रस्त्यावरच्या एका लेआउटवर चौकीदार झाला.

त्यानंतर आमची गाय दोन घरांच्या मधल्या टिनाखाली दिवसभर बांधलेली असायची. ती माझ्या शाळेतल्या गायीची मुलगी. चांद तसाच. वय झालेलं, दूध जवळजवळ आटलेलं. माझ्या वडिलांनी विषय काढला.

"वहिनी, गोरक्षणात देऊन टाकू. चारापाणी, डॉक्टर, सारं असते तिथं."

"मी पाहून आली ना भाऊजी. रांगेत बांधून ठेवते. तुमच्या पोरीनं ऑफिसचा फोटो दाखवला होता ना, तसंच."

नागपुरात सदरला असलेल्या माझ्या ऑफिसवर सगळे हसले. मीही हसले. मोठी आई हसली नाही. तिची एकच अट होती. जिथं अजून गायकी आहे, गाय रोज रानात जाते, त्याच गावात ती गाय देणार. नाहीतर नाही.

"आता कोठी राहते वो गायकी?" वडील म्हणाले.

तिनं शोधलं. तिचे एक मामेभाऊ, म्हणजे माझे मामा, रिंग रोडच्या पलीकडच्या गावात राहतात, त्यांना फोन लावला. मामा म्हणाले, "हाव बाई, आहे ना गायकी. रोज पंधरा-सोळा ढोरं निघते. आण तू." टेम्पो मीच बघून देते म्हटलं, तर मोठी आई म्हणाली, "फोनवर सारेच हाव म्हणते. टेम्पोवाला गाय उतरवून पळून जाते. पायी नेली तर परत आणता येते."

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. आम्ही सकाळी निघालो. मी नागपूरच्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला, फक्त डोळे उघडे. उन्हासाठी, असं मी म्हटलं.

"डाकूवानी काहून बांधलं वं? गाय चोरून नेऊन राहिलो का आपण?"

लॉनच्या पुढ्यातून जाताना गाय थांबली. आखराची सवय तिला अजून होती. फाटकावर झेंडूची कमान होती. मी दावं ओढेपर्यंत तिनं डावीकडची माळ खाली ओढून खायला सुरुवात केली.

"ओ मावशी!" वॉचमन धावत आला. "आवरा ना गाय! वरात यायची आहे अजून!"

"मंग येऊ दे ना बापा. तिनं का सारं खाल्लं? एकच बाजू खाल्ली."

"मॅनेजर मले बोलन ना!"

"त्याले सांग, मुलीकडचे एक पाहुणे पहिले जेवून गेले."

वॉचमनला हसू आवरेना. कोणत्या गावच्या, गाय कुठं नेता, सगळं त्यानं विचारलं. आमच्याही घरी होत्या तीन, म्हणाला. मग उरलेली माळ स्वतःच तोडून गायीपुढे टाकली. "आता अर्धी ठेवून का करू?" आतून एक मुलगा मोबाइलवर हे सगळं घेत होता. मी स्कार्फ आणखी वर ओढला. तो व्हिडिओ कुठं आलाय का, हे मी पुढं दोन दिवस शोधत होते.

रिंग रोडच्या खालच्या बोगद्यात गाय शिरेना. वरून ट्रक गेला की आत ढग गडगडल्यासारखं व्हायचं. मोठी आई पुढं होऊन तिच्याशी बोलत राहिली, आणि मला म्हणाली, मागून लोट. गायीला हात लावून मला कितीतरी वर्षं झाली होती. पाठीला हात टेकवला तर ती आतून थरथरत होती आणि अंगाला उन्हात तापलेल्या गवताचा वास होता, आखरावरचाच. मी लोटलं नाही. नुसता हात ठेवून चालले. ती हळूहळू निघाली.

पलीकडे कपाशी होती, तूर होती, मधून मधून इंजिनीअरिंग कॉलेजची बस धूळ उडवत जायची. एका निंबाखाली आम्ही पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली. गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मामा वेशीवरच उभे होते.

"चाला बाई, पहिले घरी चाला. तुझ्या वहिनीनं च्या मांडला."

"च्या का पळून जाते? आखर कोठी आहे ते सांग."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. शेवटी त्यांनी आखर दाखवलं आणि आम्ही चप्पल घासत तिकडं गेलो. उघडी जागा, कडेला पाण्याचं टाकं. तिथं एकही गाय नव्हती. मोठ्या आईनं चप्पल काढली आणि शेणाच्या एका पोवर अनवाणी पाय दाबला. मग दुसऱ्यावर.

"आजचं आहे," ती म्हणाली. मामांचा चेहरा सैल झाला.

ती टाक्याच्या कडेला बसली. कळप परत येईपर्यंत इथून हलायचं नाही, असं ठरलं. मामा चहा इकडंच आणायला गेले. आणि तेव्हा मला तो बोर्ड दिसला. आखराला लागून असलेल्या तुरीत दोन लोखंडी पाइपांवर उभा केलेला. पोहण्याचा तलाव, गोरं हसरं कुटुंब, खाली प्लॉटचा नकाशा, आणि सगळा मजकूर इंग्रजीत.

मोठ्या आईनंही बघितला. "त्याच्यावर का लिवलं वं?"

मोठ्या बाबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, धंतोलीतल्या दवाखान्यातला रिपोर्ट आला होता, तेव्हाही तिनं असंच विचारलं होतं. तो मी तिला अर्धाच वाचून दाखवला. आजार किती पुढं गेलाय, ते गाळलं. चार महिन्यांनी मोठे बाबा गेले. तिनं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर एकही कागद माझ्याकडून वाचून घेतला नव्हता. वीजबिलसुद्धा शेजारच्या मुलाकडून.

शाळेची जाहिरात आहे, असं म्हणता आलं असतं. गाय इथं राहिली असती आणि आम्ही अंधार पडायच्या आत घरी गेलो असतो.

"प्लॉट पाडणार आहेत," मी म्हटलं. "या तुरीपासून त्या विहिरीपर्यंत. हे आखरही त्यातच आहे. दोन वर्षांनी काम सुरू."

"सारं वाचलं?"

"हो. सगळं."

गायीचं दावं तिनं मनगटाला दोनदा गुंडाळलं. मला वाटलं, आता उठेल आणि परत चल म्हणेल. बोगद्यातून, लॉनपुढून, पुन्हा त्या टिनाखाली.

तेवढ्यात धूळ दिसली. कळप रस्त्याच्या कडेनं येत होता आणि मागं गायकी, रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसं चमकणारं नारिंगी जॅकेट घातलेला. मोठी आई उभी राहून मोजत होती. चौदा. आमच्या गायीनं कान उभे केले आणि बारीक हंबरली.

"किती दिवस चारशीन गा?" मोठ्या आईनं गायकीला सरळच विचारलं.

त्यानं बोर्डाकडे काठी केली. "थे काम सुरू होईस्तोवर."

"अन् इची किती राहिली असन? पाह्य बरं."

त्यानं गायीचा जबडा धरला, ओठ वर केला, दात बघितले. पुन्हा बघितले. "दोन वर्षं. लय झालं तर तीन."

मोठी आई माझ्याकडे वळली. "मंग पुरते," ती म्हणाली. दावं मनगटावरून सोडून तिनं मामांच्या हातात दिलं. मामा एका हातात चहाची किटली घेऊन उभे होते, त्यांची तारांबळ उडाली.

रात्री आम्ही तिथंच राहिलो. सकाळी गाय कळपात गेली, मागं वळून न बघता. "पाहिलं का? वळली बी नाही बेइमान," मोठी आई म्हणाली, आणि बसस्टॉपपर्यंत तेच म्हणत राहिली. बसमध्ये तिनं पिशवीतून घराच्या टॅक्सचा एक घडी घातलेला कागद काढून माझ्याकडे दिला. कधीपासून ठेवला होता, कोण जाणे. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, सही कोणाची आहे तेही.

त्याला आता दीड वर्ष झालं. मला फोनवर बोलायला आवडत नाही, तरी दर रविवारी मी मामींना फोन लावते आणि स्पीकरवर टाकते. मोठी आई गायीचं विचारत नाही. "गायकी आला होता का?" एवढंच विचारते.

"आला वो बाई, आला!" मामी ओरडतात. "तुमची महाराणी सगळ्यांच्या पुढं निघाली. मले तर वाटते, तुम्ही आमच्यावर पोलीस बसवून ठेवला."

मागच्या रविवारी मामींनी सांगितलं की आखरावर प्लॉटचे सिमेंटचे खांब रोवून गेले. गायी येताजाता त्यांना मान घासतात आणि दोन-तीन खांब आत्ताच तिरपे झालेत.

"घासू द्या," मोठी आई म्हणाली, आणि मला फोन बंद करायची खूण केली.