भांगाला करू

तांडेलांच्या तोंडून मी कधी तारीख ऐकली नाही. "कधी येताय?" विचारलं की म्हणायचे, "पंचमीला." मग मी मोबाइलमध्ये पंचमी शोधत बसायचो आणि तोवर ते गेटबाहेर पडलेले असायचे. सारसोळ्याचे कोळी. तरुणपणी होडी त्यांच्या हुकमावर चालायची, म्हणून तांडेल. खाडीतली मासळी आटली तसे प्लंबिंगकडे वळले. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचा पंप, फिल्टर, पाइप सगळं त्यांच्याच हातचं. चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ते 'तू' म्हणायचे. मी साताऱ्याकडचा, मला आधी ते फार खटकायचं, पुढे आवडायला लागलं.

कामात त्यांना घाई खपत नसे. सगळे तुकडे आधी कोरडेच जुळवायचे, पेन्सिलीने खुणा करायचे, मग सोल्युशन लावून जोड दोन्ही हातांनी धरायचे आणि गप्प बसायचे. एकदा मी म्हणालो, "चिकटलं की आता, सोडा." तर म्हणाले, "हात सोरला का पाइप मागं सरतो. तुना घाई असंल तर तू जा." मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्याशी असं कुणी बोलत नसे.

त्या वर्षी पंप आणि फिल्टर बदलायचा होता. तळातून येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व जाम झालेला, म्हणजे पूल रिकामा करणं आलं. तांडेलांनी वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "अवस जाऊं दे. भांगाला करू." आणि पिशवी उचलून चालू लागले.

आमच्याकडे भांग दोनच प्रकारची, एक केसांतला आणि एक प्यायची. मी माझ्या अकलेप्रमाणे अर्थ लावला आणि कमिटीत हसत हसत सांगितलं, "तांडेलांना कामाला बसायच्या आधी भांग लागते म्हणे." सगळे पोट धरून हसले. मुलांची सुट्टी तोंडावर आली होती, मोबाइलवर व्हिडिओ पाहून मला जोरही चढला होता. म्हटलं, मजुरी कशाला घालवायची, मीच करतो.

रविवारी पूल रिकामा केला. दिवसभरात हार्डवेअरच्या दुकानात इतक्या चकरा झाल्या की दुकानदाराने शेवटी मला चहा पाजला. एक व्हॉल्व मी उलटाच चिकटवला. चिकटलेला जोड सुटत नाही, कापावा लागतो. कापला तर पाइप आखूड पडला. सोमवारी अमावास्या होती. भर दुपारी मी पंपरूममध्ये असताना बाहेर लाद्या तडकल्याचा आवाज आला. धावत गेलो तर पुलाचा तळ मधोमध वीतभर फुगून वर आला होता आणि भेगांतून गढूळ, खारट वासाचं पाणी झिरपत होतं.

पाहायला आलेल्या इंजिनिअरने मला बाजूला घेतलं. "खाडीकाठी जमिनीतलं पाणी उधाणाला वर दाब देतं. भरलेला पूल त्याला दाबून धरतो. रिकामा करायचाच तर भांगाच्या दिवसांत करायचा." मी विचारलं, "भांगाच्या म्हणजे?" तो म्हणाला, "अष्टमीच्या आसपास भरती कमी असते ना, त्याला इथे भांग म्हणतात."

दुरुस्तीचा आकडा ऐकून सोसायटीची सभा तापली. कुणीतरी म्हणालं, तांडेलांनी टाकलेले जुने पाइप गळत असणार, खालची माती वाहून गेली असणार. दुसरा म्हणाला, "नशेत केलेलं काम, आणखी काय होणार?" तांडेलांना बोलावून आणलं होतं. ते गोंधळून सगळ्यांकडे पाहत राहिले. "नशा? कोन बोलला?" त्यांनी विचारलं. मी समोरच्या वहीत डोकं घातलं. ते निघून गेले. त्यानंतर आमच्याकडे त्यांना कुणी बोलावलं नाही. शेजारच्या सोसायट्यांनीही बंद केलं. असली बातमी पसरायला वेळ लागत नाही.

वर्षभराने वॉचमनने सांगितलं, तांडेल गेले. पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. चेअरमन म्हणाले, "ठीक आहे हो, जुना विषय आहे," आणि लिफ्टचा विषय घेतला.

म्हणून मी सारसोळ्याला गेलो. त्यांची बायको ओट्यावर जाळं विणत बसली होती. मी नाव सांगितल्यावर तिने बसायला पाट दिला. म्हणाली, "ते तुजं नाव काराचे. म्हनाचे, घाटावरच्या मानसाला भांग काय समजंल? मीच त्याला दोनदा सांगाला पायजे होता."

"आजी, मला समजलं होतं," मी म्हणालो. "सभेच्या आधीच समजलं होतं. तरी मी बोललो नाही."

तिचे हात थांबले. तिने जाळं बाजूला ठेवलं. तिच्या आवाजात रागही नव्हता.

"त्यांनी जल्मात कदी सुपारी नाय खाल्ली, बाबा. गावान लोक नशेबाज बोलाचे, म्हनून ते बंदरावर जायाचे बंद झाले. दार लावून घरान बसाचे. तू तवा आला असतास, तर दार तरी उघरला असता."